गाडी ओढेल, पण पेलेल का? जड ट्रेलर आणि त्याची हिच

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ आला. परदेशातला रुंद महामार्ग, पुढे पिकअप आणि तिच्यामागे चाकांवरचं पांढरं घर. शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला तसं ते घर जरासं डावीकडे सरकलं, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. चौथ्या हेलकाव्याला घर आडवं झालं आणि त्यानं पिकअपलाही सोबत नेलं. सगळा खेळ सहा-सात सेकंदांत संपला.

गटावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, "इतक्या जोरात कशाला चालवायचं" असंही झालं. रात्री अमेरिकेतल्या डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. तो, त्याची बायको आणि दोन मुलं असं चाकांवरचं घर घेऊन डोंगरात फिरायला जाणार होते, बोलणी पक्की होत आली होती. "मावशी, कुठली हिच घेऊ म्हणजे हे होणार नाही? विकणारा म्हणतो, तुमची पिकअप साडेचार टन ओढते, ट्रेलर तीन टनांचा आहे, अजिबात काळजी करू नका."

इंदूरमध्ये तीस वर्षं मी डिप्लोमाच्या मुलांना यंत्रशास्त्र शिकवलं. विकणाऱ्याचं ते वाक्य खोटं नव्हतं, पण ते अर्धं होतं, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात माणसं मरतात. म्हणून भाच्याला जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-भाचरं तिकडे आहेत. इकडेही कॅराव्हॅनचं, म्हणजे अशा चाकांवरच्या घराचं, बोलणं वाढलं आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. आणि ट्रॅक्टरमागची ट्रॉली तर आपण रोजच पाहतो.

## आधी चार शब्द

गाडीला ट्रेलर जोडणारी सगळी जोडणी म्हणजे हिच. पिकअपच्या चौकटीला मागे एक चौकोनी पोकळ नळी पक्की बसवलेली असते, ती रिसीव्हर. त्या नळीत एक दांडा सरकवतात आणि त्यावर लोखंडी गोळा असतो, तो बॉल. ट्रेलरच्या नाकाला उलट्या वाटीसारखा भाग असतो, तो कपलर. तो बॉलवर बसतो आणि खटक्यानं बंद होतो.

ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण सगळं नसतं. थोडं नाकावाटे बॉलवर उतरतं. तिकडे त्याला टंग वेट म्हणतात, मी इथे बॉलवरचा भार म्हणणार आहे. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो.

## उलाळ झालेली बैलगाडी

माझं आजोळ देवासच्या बाजूला. आजोबा बैलगाडीत पोती भरायचे तेव्हा प्रत्येक पोतं कुठे पडतंय यावर त्यांची नजर असायची. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ व्हायची: मागचं टोक खाली, जू वर, आणि जुंपण्या बैलांच्या गळ्याला आवळायच्या. पोती फार पुढे आली की जू मानेवर रुतायचं. म्हणून आजोबा जू हातानं उचलून बघायचे. थोडं जड लागलं पाहिजे, पण एका माणसाला उचलता आलं पाहिजे.

ट्रेलरचंही अगदी हेच आहे. अमेरिकेत बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरसाठी नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा. तीन हजार किलोचा ट्रेलर असेल तर ३०० ते ४५० किलो. त्याहून कमी झाला की ट्रेलर उलाळ. बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात, आजोबा दोन पोती पुढे ओढतात आणि गाडी चालू लागते. ताशी शंभर किलोमीटर वेगानं जाणारा ट्रेलर उलाळ असेल तर थांबून विचार करायला वेळ मिळत नाही.

## ट्रेडमिलवर एक प्रयोग

हे भाच्याला पटावं म्हणून मी शेजारणीकडच्या ट्रेडमिलवर एक प्रयोग केला. तिच्या नातवाचा खेळण्यातला ट्रक घेतला. प्लायवुडच्या वीतभर पट्टीला मधोमध दोन चाकं लावून ट्रेलर बनवला, पट्टीचं टोक ट्रकच्या मागच्या खिळ्यात अडकवलं आणि ट्रक ट्रेडमिलच्या पुढच्या दांडीला दोऱ्यानं बांधला. ओझं म्हणून सहा लोखंडी नट, चिकटपट्टीनं पक्के केलेले.

आधी नट चाकांच्या जरा पुढे लावले. पट्टा चालू केला, वेग वाढवत नेला, आणि पेन्सिलीनं ट्रेलरच्या कडेला टोचलं. ट्रेलर एकदा हलला, दुसऱ्यांदा त्याहून कमी हलला, सरळ झाला. पुन्हा टोचलं, पुन्हा तेच.

मग तेच सहा नट मागच्या टोकाला लावले. पट्टा हळू होता तोवर टोचल्यावर ट्रेलर जरा जास्त वेळ डोलला, पण सावरला. मी वेग वाढवला. एका वेगाला तो सावरेनासा झाला. त्या वेळी मी टोचलंही नव्हतं, पट्ट्याचा जोड चाकाखालून गेला तेवढं निमित्त पुरलं. हेलकावा वाढत गेला आणि ट्रक उलटून पट्ट्यावरून खाली पडला. नातू टाळ्या वाजवत होता. भाचा फोनच्या पलीकडे काहीच बोलला नाही.

नटांचं वजन तेच होतं, फक्त जागा बदलली होती. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक गाडी-ट्रेलरच्या जोडीला स्वतःचा एक वेग असतो. त्याच्या आत हेलकावा आपोआप विरतो, त्याच्या पलीकडे तो आपोआप वाढतो. झोक्याला दर फेरीला थोडा धक्का मिळत राहावा तसा, आणि धक्का देणारा हात म्हणजे गाडीचा वेगच. बॉलवर पुरेसा भार ठेवला की तो घातक वेग वर सरकतो, उलाळ ट्रेलरमध्ये तो खाली येतो. अर्थात खेळण्यातले आकडे खऱ्या गाडीला लागू होत नाहीत, पण वागणूक हीच असते.

म्हणून ट्रेलरमध्ये जड सामान चाकांच्या वर आणि थोडं पुढे, खाली जमिनीलगत ठेवायचं. मागच्या बंपरला चार सायकली टांगणं दिसायला सोयीचं असतं, पण ते प्रयोगातले मागचे नट आहेत. पाण्याची टाकी कुठे आहे हेही बघावं लागतं. १७० लिटर पाणी म्हणजे १७० किलो, आणि टाकी चाकांच्या मागे असली तर ती भरताच बॉलवरचा भार घटतो.

## ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

आता विकणाऱ्याच्या अर्ध्या वाक्याकडे येते. साडेचार टन हा ओढण्याचा आकडा आहे. इंजिन, गिअर, चौकट यांचा दम त्यात येतो. पण बॉलवरचा भार पिकअप ओढत नाही, ती तो पेलते, जसं पाठीवरचं पोतं पेलावं. आणि पेलायची मर्यादा फार लहान असते. अमेरिकेत ती ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर एका चिकटपत्रावर छापलेली असते: माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नये. भाच्यानं दार उघडून फोटो पाठवला. किलोत मांडलं तर आकडा आला ६५०.

मग आम्ही हिशेब मांडला. चौघं माणसं, २६० किलो. पिकअपच्या मागच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या, जळाऊ लाकूड मिळून ९०. तीन टनी ट्रेलरचा बॉलवरचा भार सुमारे १३ टक्क्यांनी ४०० धरला. जड ट्रेलरला लागणारी हिच स्वतःच ४५ किलोच्या आसपास असते. बेरीज ७९५. मर्यादा ६५०.

ओढण्याच्या बाजूनं दीड टन शिल्लक होतं आणि पेलण्याच्या बाजूनं १४५ किलो जास्त झालं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, हे मला कोणीच सांगितलं नाही."

आणखी एक फसगत. ट्रेलरच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नसतं, गॅसच्या टाक्या भरलेल्या नसतात, भांडी, गाद्या, कपडे, काही नसतं. हिशेब करताना भरलेल्या ट्रेलरचं वजन धरायचं. ते माहीत नसेल तर ट्रेलरच्या पत्र्यावर छापलेलं कमाल वजन धरायचं. घराचं भाडं ठरवताना आपण पगाराच्या सगळ्यात कमी महिन्याचा विचार करतो, तसंच हे.

## चारशे ठेवले, पाचशे साठ पडले

आता हिचची निवड. बॉल पिकअपच्या मागच्या चाकांच्या बरोबर वर नसतो, तो दीडएक मीटर मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर धरा. बॉलवर ४०० किलो ठेवले तर पिकअप मागच्या चाकांवर सी-सॉसारखी कलते. पुढच्या चाकांवरचे सुमारे १६० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ४०० नव्हे, ५६० पडतात.

पुढची चाकं म्हणजे वळवणारी आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणारी चाकं. तीच हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागतं, ब्रेकचं अंतर वाढतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

यासाठी भार वाटणारी हिच असते. तिकडे तिला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणतात. बॉलच्या खालून दोन जाड स्प्रिंगचे दांडे मागे ट्रेलरच्या चौकटीखाली जातात, आणि त्यांची टोकं वर ताणून अडकवतात.

हे काम कसं करतं, ते घडीच्या खाटेवरून कळतं. मधोमध बिजागरी असलेली खाट घ्या. बिजागरी मोकळी असताना तिथे कोणी बसलं तर खाट मधे खचते आणि सगळं वजन मधल्या पायांवर येतं. तीच बिजागरी पट्टी मारून ताठ केली, की वजन दोन्ही टोकांच्या पायांवर वाटलं जातं. पिकअप आणि ट्रेलर ही त्या खाटेची दोन अंगं आणि बॉल ही बिजागरी. स्प्रिंगचे दांडे तिला खाली-वर ताठ करतात, डावी-उजवी मोकळी ठेवतात. मग मागच्या चाकांवरचा थोडा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर परत जातो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर.

किती परत आणायचा? भाच्याच्या गाडीच्या पुस्तिकेत होतं, की उठलेल्यातला निम्मा. काही गाड्यांत वेगळं असतं, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक वाचायचं. मोजायला टेप पुरते. ट्रेलर नसताना पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची घ्या, समजा ९५ सेंटिमीटर. ट्रेलर टेकवला, दांडे सैल, ९८ झाली. दांडे ताणून ती ९६.५ वर आणायची. सगळाच भार परत आणायचा हट्ट धरू नये. मागची चाकं फार हलकी झाली तर ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर गाडीची मागची बाजू निसटते.

दांडेही मापानं मिळतात, आणि ते बॉलवरच्या भाराप्रमाणे घ्यायचे. "जड घेतलेलं बरं" हे इथे चालत नाही. फार ताठ दांडे प्रत्येक खड्ड्याचा हिसका दोन्ही चौकटींना देतात.

आणि रिसीव्हरवरचं चिकटपत्र वाकून वाचावं. तिथे बहुधा दोन ओळी असतात. पुष्कळ पिकअपवर साध्या बॉलसाठी सुमारे २,२६८ किलोचा ट्रेलर आणि २२७ किलो भार अशी मर्यादा असते, भार वाटणाऱ्या हिचसाठी त्याहून बरीच जास्त. म्हणजे मोठा आकडा हवा असेल तर ती हिच लावावीच लागते. रिसीव्हर, दांडा, बॉल, कपलर प्रत्येकावर आपापला आकडा असतो, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा पूर्ण जोडणीचा आकडा.

भार वाटणाऱ्या हिचमुळे पेलण्याची मर्यादा मात्र वाढत नाही. दरवाजावरचे ६५० तेवढेच राहतात. ट्रेलरच्या चाकांकडे थोडा भार परत जातो हे खरं, पण तेवढ्याच्या भरवशावर १४५ किलो जास्तीचे माफ होत नाहीत.

## हेलकाव्यांचा बंदोबस्त

भार वाटणं आणि हेलकावे रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात ती एकाच दमात सांगतात, म्हणून गोंधळ होतो.

हेलकावे रोखायच्या तीन तऱ्हा आहेत. सगळ्यात साधी म्हणजे घर्षणाची: एक सरकता दांडा किंवा दांड्यांच्या टोकांना घासणारे आधार, जे नाक सहज फिरू देत नाहीत. सैल झालेल्या दाराच्या बिजागरीत कागदाची घडी घातली की दार वाऱ्यानं आपटत नाही, तसं. सुटा सरकता दांडा असेल तर गाडी मागे घेताना तो काढावा लागतो, नाहीतर वाकतो. दुसरी तऱ्हा खाचांची: दांड्यांची टोकं खाचेत बसतात आणि ट्रेलर सरळ रेषेतून निघाला की त्याला परत ढकलतात.

तिसरी मला यंत्रशास्त्राची माणूस म्हणून फार आवडते. हेन्स्ली ॲरो आणि प्रोप्राइड या हिच त्या जातीच्या. आधी बघा, हेलकावा पिकअपला का ओढून नेतो. बॉल मागच्या चाकांच्या मागे दीड मीटर आहे. ट्रेलरनं बॉल बाजूला ढकलला की त्या दीड मीटरच्या दांड्यानं तो पिकअपलाच वळवतो. सायकलच्या कॅरिअरच्याही मागे जड पिशवी लोंबू द्या, हँडल हातात राहत नाही. तीच पिशवी सीटलगत घट्ट बांधा, कळतही नाही. या हिचमध्ये चार दांड्यांचा असा जोड असतो, की ट्रेलर फिरतो तो जणू पिकअपच्या मागच्या चाकांजवळच्या एका अदृश्य बिंदूभोवती. बॉल आहे तिथेच राहतो, पण दीड मीटरचा तो तरफेचा दांडा जवळजवळ नाहीसा होतो. हिच महाग आहे आणि जडही, आणि ते वजनही पेलण्याच्या हिशेबात धरावं लागतं.

माझं स्पष्ट मत सांगते. उलाळ ट्रेलरला महागडी हिच लावणं म्हणजे ताप उतरायच्या गोळीवर फुटलेलं अपेंडिक्स काढणं. आधी सामानाची जागा, मग भार, मग वेग, आणि मग हिच. ट्रेलरचे पुष्कळ टायर ताशी १०५ किलोमीटरसाठीच बनवलेले असतात, तरी ते १२० नं पळवणारे लोक आहेत.

हेलकावा सुरू झालाच तर? पायानं जोरात ब्रेक दाबायचा नाही, कारण गाडी हळू होते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत राहतो. वेगही वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. त्या कंट्रोलरचा खटका अंधारातही हाताला सापडला पाहिजे, म्हणून रिकाम्या मैदानात दहा वेळा तो शोधून ठेवायचा.

## "मागे कमानीचे पट्टे वाढवले तर?"

हा प्रश्न मला आमच्या गॅरेजवाल्यानंच विचारला. गाडी मागून बसते ना, मग मागच्या स्प्रिंगचे पट्टे वाढवा, नाहीतर स्प्रिंगजवळ हवेचे फुगे लावा, गाडी सरळ.

गाडी सरळ दिसेल. पण पुढच्या चाकांवरून उठलेले १६० किलो त्यानं परत येत नाहीत. फुग्यानं मागची बाजू उचलली, बॉलवरचा भार आहे तिथेच आणि तेवढाच राहिला. धर्मकाट्यावर पुढची चाकं ठेवून बघा, आकडा बदललेला नसतो. डोळ्याला जे दिसतं ते सुधारलं आणि जे दिसत नाही ते तसंच राहिलं, म्हणून मला हा उपाय जास्त धोक्याचा वाटतो.

## "युरोपात तर छोट्या गाड्या ओढतात"

ओढतात, आणि भार वाटणारी हिच तिकडे क्वचितच दिसते. पण तिकडचे कॅराव्हॅन हलके असतात, चाकं जवळजवळ मधोमध असतात, आणि बॉलवरच्या भाराची मर्यादा कित्येक गाड्यांना ७५ किंवा १०० किलोच असते. घर्षणानं हेलकावे रोखणारा स्टॅबिलायझर कपलरमध्येच बसवलेला असतो. आणि वेग! जर्मनीत कॅराव्हॅन ओढताना मर्यादा ताशी ८० किलोमीटर, अटी पूर्ण करून परवानगी घेतली तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ९६ च्या आसपास. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोच्या महामार्गावर १२० ची पाटी असते. बॉलवर कमी भार चालतो तो त्या कमी वेगाच्या जोरावर. युरोपातली हिच आणि अमेरिकेतला वेग अशी जोडी लावली तर व्हिडिओतलं दृश्य दिसतं.

## "मग फिफ्थ व्हीलच घ्यावं"

फिफ्थ व्हील म्हणजे ट्रेलरचं नाक पिकअपच्या हौद्यात, थेट मागच्या चाकांच्या वर टेकवायचं. आपल्या बायपासवर कंटेनरचे ट्राले जातात, त्यांची जोडणी याच जातीची. घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं, त्यावरून हे नाव आलं.

स्थैर्याला ही जोडणी उत्तम, कारण दीड मीटरचा दांडाच राहत नाही. पण यात नाकावर १५ ते २५ टक्के भार येतो. तीन टनांचे २० टक्के म्हणजे ६००. भाच्याच्या ६५० मध्ये हे घेतलं तर माणसांना घरी ठेवावं लागेल. म्हणून फिफ्थ व्हीलला मोठी पिकअपच लागते.

## बॉल, साखळ्या आणि एक पिन

बॉलची मापं तिकडे मुख्यतः दोन: ५०.८ आणि ५८.७ मिलिमीटर. फरक आठ मिलिमीटरचा. मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या उंचवट्याला कपलर उडून बाहेर येतो. म्हणून खटका लावल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक थोडा वर करून बघायचा. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड खरी. याला अर्धं मिनिट लागतं.

साखळ्या दोन, कपलरखाली एकमेकींना ओलांडून बांधायच्या. कपलर सुटलाच तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. आणखी एक बारीक तार असते. ट्रेलर पूर्ण तुटून मागे राहिला तर ती तार एक पिन खेचते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ती तार साखळीला किंवा बॉलच्या दांड्याला अडकवायची नाही, गाडीच्या चौकटीला अडकवायची. दांडाच निसटला तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत.

उताराचं काम हिच करत नाही, ब्रेक आणि गिअर करतात. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि पुढे सहा-सात टक्क्यांचा लांब उतार. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "गणपती घाट आठव." आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या त्या उतारावर ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या वाचतच तो मोठा झाला. खाली जाताना खालचा गिअर, तो उतार सुरू व्हायच्या आधी.

## "पण हे आपल्या काय कामाचं?"

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची सोयाबीननं भरलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरपासून सुटली. जोडणीची पिन आदल्या वर्षीच हरवली होती. तिच्या जागी सळईचा तुकडा होता, टोक हातोडीनं वाकवलेलं. मी तो तुकडा नंतर हातात घेऊन पाहिला. मधोमध घासून तो करंगळीएवढा झाला होता. साखळी नव्हती. ट्रॉली मागे घरंगळत जाऊन बांधाला अडली म्हणून कोणी मेलं नाही. मागून दुचाकीवर एक जोडपं येत होतं, त्यांना वाचवलं त्या बांधानं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी व्हावी लागते. कागद तर हवाच. पण योग्य जाडीची पिन, तिला खालून अडकवायची क्लिप आणि दोन साखळ्या यांचा खर्च एका पोत्याच्या भावाहून कमी आहे, आणि मी भेटेल त्या ट्रॉलीवाल्याला हे सांगत असते.

## धर्मकाट्यावर

भाच्यानं तीन टनांचा ट्रेलर सोडला. भरल्यावर दोन टन होईल असा लहान ट्रेलर घेतला, बॉलवरचा भार २६० धरून. माणसं २६०, सामान ९०, हिच ४५. बेरीज ६५५. तरी पाच किलो जास्त. मग म्हणाला, "लाकूड इथून नेतच नाही, तिथेच विकत घेतो." तसंही लाकडासोबत कीड पसरते म्हणून तिकडे ते लांबून नेऊ नका असंच सांगतात. सामान ६० वर आलं, बेरीज ६२५. भार २२७ च्या वर असल्यामुळे भार वाटणारी हिच घेतली, घर्षणाचे आधार असलेली.

मग त्याला धर्मकाट्यावर पाठवलं. तिकडे ट्रक थांबतात तिथे असे काटे असतात, पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगवेगळं देणारे. तीनदा तोलायचं: एकदा माणसं-सामानासह नुसती पिकअप, एकदा ट्रेलर जोडून दांडे सैल ठेवून, एकदा दांडे ताणून. पहिल्या दोन पावत्यांतला पिकअपच्या वजनाचा फरक म्हणजे बॉलवरचा खरा भार, अंदाज नव्हे. दांडे ताणताना आधी जॅकनं नाक वर घ्यायला सांगितलं होतं. नुसत्या हातानं तरफ मारली आणि दांडा निसटला तर मनगट जातं.

रविवारी सकाळी पोहे खात असताना गटावर तीन पावत्यांचे फोटो आले. पुढच्या चाकांचे आकडे किलोत करून मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतले: १,४९०, १,३७०, १,४३०. एकशेवीस उठले होते, साठ परत आले होते. मी त्याला फोन लावला.

"साखळ्या?"

"ओलांडून बांधल्या, मावशी."

"तार?"

"चौकटीला."

"फोटो पाठव."

तो गाडीखाली वाकला, आणि मिनिटभरात फोटो आला.